पन्नास ग्रावाचं मलम

या अंकाच्या संपादकांनी मला फोन करून विषय दिला, 'औषधसेवेचं व्रत'. मी त्यांना सांगितलं, मी व्रत एकच करते, हरतालिकेचं, आणि तेही दुपारी चहा पिऊन मोडते. एकतीस वर्षं गोव्यातल्या पेडण्याच्या बाजारातून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधांचं दुकान चालवलं. स्टुलावर बसून कंबर घालवली, डॉक्टरांची अक्षरं वाचून डोळे घालवले. सेवा म्हणाल तर गिऱ्हाइकांनीच माझी केली, कारण त्यांच्यामुळे मला एक दिवस कंटाळा आला नाही. तेव्हा व्रत राहू दे बाजूला. मी एका मलमाबद्दल लिहिते, कारण त्या मलमाने माझी शहाणपण शिकवायची खोड कायमची मोडली.

मलम म्हणजे सनस्क्रीन. आमच्या रस्त्यावर त्याचं गिऱ्हाईक दोन जातीचं. एक परदेशातून विमानाने येणारं, ज्याला ऊन अंगावर घ्यायचं असतं आणि जळायचं नसतं. दुसरं आमचंच, ज्याला उन्हाशी काही देणंघेणं नसतं, फक्त लग्नाआधी दोन महिन्यांत गोरं व्हायचं असतं. दोघंही एकच ट्यूब नेतात आणि दोघंही ती वाया घालवतात.

परदेशी पाहुणा पन्नास नंबरची ट्यूब घेतो, पोळीवर तूप सोडावं तशी चार थेंब अंगभर फिरवतो आणि दहा ते चार वाळूत पडून राहतो. संध्याकाळी लाल होऊन दुकानात येतो आणि ट्यूब काउंटरवर आपटतो. असा एक धिप्पाड गृहस्थ मला चांगला आठवतो. तो म्हणे, माझं अंग एरवी दहा मिनिटांत लाल होतं, पन्नास नंबर लावला म्हणजे पाचशे मिनिटं मिळाली पाहिजेत, आणि मी तर तीनशे साठच वापरली. हिशेबात चूक नव्हती. चूक एवढीच की ऊन काही त्याच्या मनगटातल्या घड्याळाकडे बघून पडत नव्हतं. सकाळी आठचं ऊन वेगळं आणि भर बाराचं वेगळं. त्यातून हा माणूस समुद्रात तीनदा डुंबून टॉवेलने खसाखसा अंग पुसत होता. मलम टॉवेलला लागलं, टॉवेल मात्र अजिबात जळला नाही.

आमच्याकडचं गिऱ्हाईक याच्या उलट. एक ट्यूब आणायची, ती आई, दोन मुली, काकी आणि चतुर्थीला आलेल्या पाहुण्या अशा सगळ्यांनी मिळून वर्षभर पुरवायची. लग्नसराईत तर 'वयनी, ज्यास्त नंबरचं दी' एवढीच मागणी. नंबर मोठा तेवढा रंग उजळ, असा समज. मी एकदा एका नवरीच्या आईला म्हटलं, हे गोरं करायचं नाही, आहे त्या रंगाला सांभाळायचं आहे. ती बाई माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायलाच आले आहे. तिने समोरच्या दुकानातून गोरं होण्याचं वेगळं क्रीम नेलं.

खरं सांगायचं तर मला स्वतःलाही या मलमाचा कधी आदर वाटला नव्हता. मी मूळची सुर्ल्याची. बाबा लोहखनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. शाळेत जाताना ट्रकांची रांग बाजूने जायची आणि घरी पोचेपर्यंत वेण्या, पापण्या, पोलकं, सगळं तांबडं. पुढे एकदा कंपनीचा माणूस रंगीत सनस्क्रीन घेऊन दुकानात आला आणि यात लोहाचा ऑक्साइड आहे, त्वचेचं खास रक्षण करतो, असं छाती फुगवून सांगू लागला. मी हसत सुटले. म्हटलं, बाबा रे, हे आम्ही दहावीपर्यंत फुकटात लावून हिंडलोय, वर खोकलाही मिळायचा. त्याला विनोद कळला नाही, त्याने मला नमुन्याच्या दोन ट्यूबा दिल्या.

आता बाबलो. याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

बाबलो कोरगावचा. दर वर्षी फेब्रुवारी लागला की काजूची बाग करायला घ्यायचा आणि बागेतच भट्टी लावायचा. आधी हुर्राक, म्हणजे पहिल्या गाळपाची दारू, मग ती पुन्हा गाळून फेणी. त्याची पहिली भेट झाली तीच हाताच्या पाठीवर काळे ओघळ घेऊन. त्याला वाटलं नागीण झाली. कोणा मांत्रिकाकडे जाऊनही आला होता. मी विचारलं, हुर्राकीत लिंबू कोण पिळतं? म्हणाला, मीच, येईल त्याच्या पेल्यात पिळतो, बाहेर मांडवाजवळ उभा राहून. मी सांगितलं, लिंबाचा रस हातावर तसाच ठेवून उन्हात उभा राहिलास की कातडी भाजते, नागीण नाही आणि देवाचा कोपही नाही, हात धू. त्याने हात धुवायला सुरुवात केली आणि डाग गेले. त्या दिवसापासून बाबलोच्या लेखी मी सांगेन ते प्रमाण. सगळी गडबड तिथूनच झाली, असं आता वाटतं.

त्याची बायको सुनंदा बोलायला कमी, पण कामाला वाघीण. काजूची बोंडं गोळा करणं तिचं काम. कोणत्या झाडाची बोंडं आज पडणार हे तिला आदल्या दिवशी कळायचं, आणि रस कधी आंबून तयार झाला हे बाबलोच्या आधी तिला वासाने समजायचं. भट्टी नावाला त्याची, पण बाग तिच्या जिवावर चालायची. पुढे एका हिवाळ्यात तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टे उठले, सांधे धरले, बारीक ताप जाईना. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि ल्युपस निघाला. सोप्या भाषेत, अंगातली राखणदार फौज आपल्याच माणसांवर उलटते, आणि ऊन लागलं की तिला आणखी चेव येतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. उन्हात जाऊ नको म्हणाले. जावंच लागलं तर लांब बाह्या, डोक्यावर काहीतरी, आणि उघड्या राहिलेल्या अंगावर पन्नास नंबरचं मलम, जाड थर, दर दोन तासांनी.

बाबलो ते कागद घेऊन दुकानात आला तेव्हा काउंटरसमोर चार गिऱ्हाइकं होती. त्याने विचारलं, वयनी, हे पन्नास म्हणजे काय?

मला चार माणसांसमोर हुशारी दाखवायची हुक्की आली. त्याला समजेल असं सांगायचं, म्हणून म्हटलं, "ग्राव समज रे. फेणीला असते ना, तशीच. वीसची मवाळ, पन्नासची एकदम कडक."

फेणीची ताकद आमच्याकडे ग्रावात मोजतात. हुर्राक चौदा-पंधरा ग्रावाची, फेणी एकोणीस-वीसची. सगळे हसले. बाबलोही हसला, मान डोलावली, एक ट्यूब घेऊन गेला. मी इतकी खूश झाले की घरी जेवताना आमच्या ह्यांना तो किस्सा दोनदा ऐकवला.

पुढचे पाच-सहा आठवडे बाबलो येत राहिला, सुनंदाच्या गोळ्या नेत राहिला. मी विचारायचे, मलम आहे ना? तो म्हणायचा, आसा, भरपूर आसा. आणि मी, औषधांच्या दुकानात बसून केस पांढरे केलेली बाई, त्याला म्हणाले, शाब्बास, किती जपून वापरता! तोंड, मान आणि दोन्ही हात, तेही सांगितल्यासारखं जाड लावलं, तर ती ट्यूब आठ-दहा दिवसांवर टिकत नाही. कोणाला झोपेच्या गोळ्या जास्त लागतात, कोणाच्या घरात खोकला दडवून ठेवलाय, हे मला पाकिटं मोजून कळायचं. ही एवढी ट्यूब संपत नाही हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी बाबलो आला तो धावपळीत. सुनंदाला इस्पितळात ठेवलं होतं. पाय सुजले होते, लघवीतून फेस जात होता, ताप चढला होता. आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला असावा असा डॉक्टरांना संशय होता. ती अंगाला लावते, पोटात घेते ते सगळं घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणून तो कोरगावला जाऊन परत निघाला होता आणि वाटेत माझ्याकडे थांबला. त्याने पिशवीतून एक बाटली काढली. फेणीची, पाव बाटली. आत काहीतरी पांढरट, पातळ.

"जरा बघ गे वयनी, ग्राव बरोबर आसा काय," तो म्हणाला. "फेस धरत नाय, म्हणान माका संशय आयलो."

मी बूच काढलं. खोबरेल तेलाचा वास.

फेणीची पारख करणारा माणूस बाटली हलवून फेस बघतो. बाबलोने मलमाचीही तशीच पारख केली होती. त्याने मला सगळं नीट समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याच्या आवाजात कारागिराची ऐट होती. ट्यूब वाटीत पिळायची, तेवढंच खोबरेल घालायचं, बाटलीत भरून हलवायची. पन्नासाचे पंचवीस झाले. फेणी एकोणीसची असते, म्हणजे पंचवीस तशी कडकच. आणि माल दुप्पट. म्हणून सुनंदा सकाळी सातला बागेत जायची ती बोंडं भरून एक वाजता यायची, निर्धास्त. मी विचारलं, अरे पण उतरवलंस कशाला? तो चकित झाला.

"पन्नास ग्राव तोंडाक तसाच कोण लावता? उतरवूक नको?"

मी तोंडाला येईल ते बोलले. गाढवा म्हणाले, अर्धवट म्हणाले, औषधात हात घालायला तुला कोणी सांगितलं म्हणाले. दुकानात लोक होते, तरी बोलले. तो ऐकत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "वयनी, तूच सांगितलंस ना, ग्राव म्हणान?"

त्यात कुरापत नव्हती, रागही नव्हता. त्याला खरंच आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. आणि चुकलं नव्हतंच. कडक दारू उतरवून प्यायची, हे त्याचं आयुष्यभराचं ज्ञान. मी त्याच्या हातात कडक वस्तू दिली आणि त्याने ती त्याच्या धंद्याच्या रीतीने उतरवली. मी दुकान भर अकराला बंद केलं, ती बाटली मांडीवर घट्ट धरून त्याच्या स्कूटरवर मागे बसले आणि इस्पितळात गेले.

वॉर्डातली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. मी बाटली तिच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं. ग्रावापर्यंत आले तेव्हा तिला हसू आलं, ते तिने आवरलं. ही कल्पना कोणाची, असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझी. ती म्हणाली, हा आजार कधी कधी कारण नसताना उसळतो, मलम नीट लावलं असतं तरी उसळला असता कदाचित. रोज पाच-सहा तास ऊन खाल्ल्याने मात्र नक्कीच बरं झालेलं नाही. त्या 'कदाचित'ला मी अजून धरून आहे, पण त्यावर पूर्ण विसंबत नाही.

औषधाचा डोस वाढला. आता पुढचे आठ दिवस महत्त्वाचे, मूत्रपिंड सावरतात की नाही ते बघायचं, असं सांगून डॉक्टर गेली. व्हरांड्यातल्या बाकावर मी बाबलोला शेजारी बसवलं आणि जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते सांगितलं. हा नंबर कडकपणाचा नाही. प्रयोगशाळेत अंगावर चांगला जाड थर देऊन बघतात, की लाल पडायला एरवीपेक्षा किती पट ऊन लागतं. तीसचं मलम असेल तर लाली आणणाऱ्या शंभर किरणांतले तीनेक आत येतात, पन्नासचं असेल तर दोन. म्हणजे तीस आणि पन्नासात फरक आहे, पण फार मोठा नाही. थर पातळ केला की मात्र नंबर धाडकन खाली येतो, मग ट्यूबवर पन्नास लिहिलेलं असो की पाचशे. घाम आला, पदराने पुसलं, की थर गेला. शिवाय काही किरण लाली न आणताही आत शिरतात, त्यांच्यासाठी ट्यूबवर वेगळी खूण बघावी लागते. आणि इतकं करूनही हे मलम म्हणजे उन्हात बसायचा परवाना नव्हे. सुनंदासारखीला पहिली सावली, मग कापड, आणि जे उरेल त्याला मलम.

बाबलो म्हणाला, "म्हणजे ह्या लिंपण."

भट्टीच्या भाणाच्या, म्हणजे रस उकळायच्या मडक्याच्या, तोंडाशी वारुळाची माती लिंपतात, वाफ सुटू नये म्हणून. त्याने मला सांगितलं, माती पातळ झाली तर वाफ सुटते. सुकून तडकली तर सुटते. म्हणून मधून मधून परत लिंपायची, आणि लिंपणात पाणी वाढवून ते पुरवायला जाणारा भट्टीवाला मूर्ख. त्यानेही कधी तसं केलं नव्हतं. मी एकतीस वर्षं दुकानात बसून जी उपमा शोधायला हवी होती, ती त्या माणसाने इस्पितळाच्या बाकावर, बायको आत मरणाच्या दारात असताना, एका वाक्यात काढली. मला माझी लाज वाटली आणि त्याचा अभिमानही वाटला.

नंतर तो औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी सुनंदाजवळ बसले. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. मी तिची माफी मागितली. म्हटलं, ग्रावाचं ते मी बोलले, त्याच्यावर रागावू नको. तिने उशीवरच मान हलवली.

"वयनी, तेलाचो वास माका पयल्याच दिसा आयलो," ती म्हणाली. "मलम असा नसता, इतक्या माका कळता."

मग बोलली का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"तो रोज सकाळी आपल्या हातान लावी होतो. खुर्चेर बसवून. बावीस वर्सां झाली लग्नाक, कधी दिसाउजेडी गालाक हात लावूक नाय. मी कित्याक बोलू?"

सगळ्या शंकांना उत्तर तयार असणारी मी, तिचा हात धरून बसून राहिले आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याने पुसलं. बाबलो वर आला तेव्हा मी अजून तिचा हात धरूनच होते. त्याला वाटलं काही वाईट झालं. मी त्याला सांगितलं, काही झालं नाही, फक्त यापुढे मलम लावायचं काम तुझंच, ते तिच्यावर सोडू नको. कारण मी सांगितलं नाही. ते तिचं आहे, आणि इथे लिहायलाही मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, लिही, तो खंय वाचता.

आठ दिवसांनी सूज उतरू लागली. मूत्रपिंड वाचलं, पूर्वीसारखं नाही, पण वाचलं. गोळ्या जन्माच्या आहेत. त्या मोसमात भट्टी मध्येच बंद झाली. पुढच्या मोसमात सुरू झाली तेव्हा बोंडं गोळा करायला दोन बायका ठेवल्या होत्या, आणि सुनंदा मांडवाच्या सावलीत, लांब बाह्यांचा बाबलोचाच शर्ट साडीवर घालून, रसाचा वास घेऊन हुकूम सोडत होती. बागेत फेरी मारायची ती सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर. बागेचं नुकसान झालं असं बाबलो कुठेही म्हणत नाही, उलट रस आता जास्त चांगला आंबतो म्हणतो, कारण ती पूर्ण वेळ त्याच्या डोक्यावर बसलेली असते.

मी गिऱ्हाइकांना उपमा द्यायचं सोडून दिलं. नंबर विचारला की सांगायचे, तीस असो की पन्नास, पहिल्या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत ओढायचं, तेवढं तोंडाला आणि मानेला, आणि दोन तासांनी पुन्हा. अख्ख्या अंगाला लावायचं असेल तर एक पेग भरून. पेग मात्र मी ठेवला आहे, कारण गोव्यात त्या मापात अजून कोणाची चूक झालेली मी पाहिलेली नाही.

दुकान आता भाची चालवते. मी दुपारी तासभर जाऊन बसते, तिच्या कामात नाक खुपसते. मोसमात बाबलो येतो, स्कूटर उभी करून, हात धुतलेले. पन्नासची ट्यूब मागतो. मी चष्म्यावरून बघत विचारते, अरे, गेल्याच आठवड्यात नेली होतीस ना?

तो कानामागे खाजवतो, बाजूच्या गिऱ्हाइकाकडे बघून थोडा लाजतो.

"संपली," म्हणतो.